सांगणं, विचारणं, मागणं

"थांबा. हे सांगणं झालं, का विचारणं, का मागणं?"

असं म्हणून गुरुजी डाव्या हाताची तीन बोटं तुमच्या नाकासमोर धरायचे आणि उजव्या हाताची चिमटी त्यातलं एक पकडायला तयार ठेवायचे. तुम्ही काय बोललात ते राहिलं बाजूला. ते कोणत्या बोटाचं, हे ठरल्याशिवाय गाडी पुढं सरकायची नाही. पाटलाच्या गड्यानं एकदा "गुरुजी, मागं साप हाय" म्हटलं तेव्हासुद्धा बोटं वर आली होती, असं गावात सांगतात. मी तिथं नव्हतो, पण माझा पूर्ण विश्वास आहे.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील म्हणा. कोणी वाऱ्याची दिशा बघत बसतो, कोणी बैलाचे दात. आमचे गुरुजी माणसांच्या तोंडातून काय निघतं त्याची वर्गवारी करायचे. वाशीमकडच्या किन्हीराजा गावाच्या अलीकडची दोन खोल्यांची शाळा, ते मोठे मास्तर, मी धाकटा. ते नॉर्मल, म्हणजे मास्तरकीची परीक्षा, पास, मी नुकताच सातवी पास होऊन मास्तर झालेला, म्हणजे जगात मला येत नाही असं काहीच नव्हतं. असे दोन विद्वान एका छपराखाली. गावाचं नशीब!

त्यांचं शास्त्र साधं होतं. माणूस काही सांगतो, काही विचारतो, काही मागतो. उरलेलं सगळं "टेकू". टेकूसाठी अंगठा. "हूं", "मंग", "बाप्पा", "तेच तं" हे सगळे टेकू. मालेगावच्या बाजारातून परतणारे दोन शेतकरी अख्खा रस्ता नुसत्या टेकूंवर चालून येतात, मधे सांगण्यासारखं एक अक्षर नसतं आणि तरी घरी गेल्यावर म्हणतात लय गोष्टी झाल्या, हे ते इतक्या आनंदानं सांगायचे की जणू सोन्याची खाण सापडली.

पण खरी गंमत पुढं आहे. त्यांचं म्हणणं, बोलण्याचा वेश एक असतो आणि काम दुसरं. आता "जेवले का गुरुजी?" घ्या. गावात येताजाता कोणीही म्हणतो. एका शेतकऱ्यानं खांद्यावर वखर घेऊन जाताजाता म्हटलं, तर गुरुजींनी त्याला रस्त्यात उभं केलं. म्हणाले, हे विचारणं दिसते, पण नाही. मी "नाही जेवलो" म्हटलं तर तू काय करशील? आता तो बिचारा काय म्हणणार? "चाला मंग घरी" म्हणाला. गुरुजी गेले. जेवले. वरून त्याच्या बायकोला समजावून सांगितलं की बाई, हा टेकू होता, पण तुझ्या नवऱ्यानं त्याचं मागणं करून टाकलं. त्या दिवसापासून गुरुजी दिसले की लोक नुसती मान हलवायचे. मानेला बोट नव्हतं.

शाळेतलं बोलणं तर त्यांना जगातलं सगळ्यात खोटं वाटायचं. मी वर्ग घ्यायचो तेव्हा ते मागं पोरांमधे मांडी घालून बसायचे. एकदा तास संपल्यावर मला बाजूला घेतलं.

"मास्तर, गाईले पाय किती, हे तुमाले मालूम नव्हतं?"

"मालूम होतं की."

"मंग काहून विचारलं?"

मी म्हटलं, पोरांना येते का ते बघायला. तर म्हणाले, बघा, मास्तर विचारतो, पोरगं सांगते, मास्तर म्हणतो शाबास, बस. ही तिपाई फक्त शाळेत उभी राहते, बाहेर नेली की पडते. खोटं वाटत असेल तर दाखवतो. आणि खरंच, मालेगावच्या मोटारस्टँडवर त्यांनी दाखवलं. एका धिप्पाड माणसाला विचारलं, वाशीमची मोटार केव्हा. त्यानं सांगितलं. गुरुजी म्हणाले, "शाबास. बस खाली." पुढचं सांगत नाही. एवढंच सांगतो की मोटार येईपर्यंत आम्ही दोघं एका दुकानाच्या मागं उभे होतो आणि गुरुजींचा चेहरा प्रयोग यशस्वी झाल्यासारखा फुलला होता.

घरी काय चालत असेल, तुम्हीच ताडा. काकू, म्हणजे गुरुजींच्या बायको, एकदा म्हणाल्या, ज्वारी सरली. बोटं वर. सांगणं का मागणं? दुपारी गुरुजी जेवायला बसले तर समोर रिकामं ताट. "आता हे काय झालं ते तुमीच सांगा." गुरुजी टोपली घेऊन उठले आणि ज्वारी घेऊन आले, आणि येताना मला हाक मारून सांगून गेले की मास्तर, ताटसुद्धा मागू शकते. नवा शोध! बायको उपाशी ठेवते आणि माणूस शोध लावतो.

मग त्यांनी वर्गात एक खूळ काढलं. रोज प्रार्थनेनंतर पोरांनी विचारायचं, मास्तरनं सांगायचं. अट एकच: उत्तर आधीच माहीत असलेलं विचारायचं नाही. पहिल्यांदा पोरं नुसती बघत राहिली. पोरांना शाळेत विचारायचं असतं हेच माहीत नव्हतं. मी गालातल्या गालात हसायचो. मग एक दिवस गिरजी म्हणून एक पोरगी, वर्षाआड मायबापासोबत कामाला परगावी जाणारी, एरवी हजेरीलाही पुटपुटणारी, उभी राहिली. "गुरुजी, बैल हंबरते ते सांगते का मागते?" झालं! त्या दिवसापासून गावातला बैल, कुत्रं, कोंबडा, सगळे तीन बोटांत वाटले गेले. घुबडावर दोन दिवस वाद चालला. मी ही गोष्ट हसत हसत सांगतो, पण एक कबूल करायला हवं, त्या वर्गात पोरं एकमेकांचं ऐकायला लागली होती. माझ्या वर्गात ती फक्त घंटा ऐकायची.

आणि मग डिप्टी साहेब, म्हणजे शाळाखात्याचे अधिकारी, शाळा तपासायला येणार असं ठरलं.

काकूंनी मला घरी बोलावलं. गुरुजी नदीवर गेले होते. काकू सूप बाजूला ठेवून म्हणाल्या, "भाऊजी, यायच्या, तुमच्या गुरुजीच्या, तोंडापायी आजलोक किती गावं झाली ते मलेच मालूम. जिथं चूल मांडली तिथून उठावं लागलं. या गावात मले बाया भेटल्या. शेजारीण आजारी पडली तं मी तिची भाकर करतो, मी पडली तं ते करते. आता मी उठत नाही. त्यायले त्या दिवशी फक्त 'होय साहेब' म्हनाचं सांगा."

मी सांगितलं. आणि नवल म्हणजे गुरुजींनी ऐकलं. म्हणाले, होय साहेब म्हणजे टेकू. टेकू द्यायला काय जाते. तिच्यासाठी देतो. आम्ही तालीमसुद्धा केली. मी खुर्चीवर डिप्टी साहेब होऊन बसलो, पायावर पाय टाकून, जे मला फार छान जमलं. म्हटलं, गुरुजी, शाळेची भिंत वाकडी आहे. "होय साहेब." पोरं मळकी आहेत. "होय साहेब." तुम्ही निव्वळ गाढव आहात. गुरुजींची तीन बोटं मांडीवर हलली. मग म्हणाले, "होय साहेब." दाराआडून काकूंचा हसण्याचा आवाज आला.

डिप्टी साहेब बैलांच्या दमणीतून आले. होळी होऊन गेली होती, ऊन चढलं होतं. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. नीटनेटका, डोक्यावर पांढरी टोपी, बोलणं शहरातलं. वर्गात आले, खुर्चीवर बसले आणि गिरजीला विचारलं, आपल्या देशाची राजधानी कोणती.

गिरजी उभी राहिली. "साहेब, तुमाले मालूम नाही?"

"मला माहीत आहे, बाळ."

"मंग हे विचारनं नाही साहेब, हे तपासनं हाय." आणि मग दया येऊन म्हणाली, "दिल्ली."

साहेब हसले. खरंच हसले. टोपी काढून वारा घेत म्हणाले, फारच उकडतंय बुवा तुमच्याकडे. तर अख्खा वर्ग एका सुरात: "मागनं!" आणि दोन पोरं पाणी आणायला धावलीसुद्धा. साहेब पाणी प्याले, आणखी हसले. गुरुजींनी पुस्तकातला धडा पुस्तकाप्रमाणे घेतला, गाईला पाय किती याच जातीचे प्रश्न विचारले, शाबास बस खाली म्हटलं. मला वाटलं, तरलो.

चहा गुरुजींच्या घरी होता. ओसरीवर साहेब, गुरुजी आणि मी, दाराआड काकू. साहेब बशीत चहा ओतत म्हणाले, पोरं चुणचुणीत आहेत. "होय साहेब." इमारत डागडुजीला आली आहे. "होय साहेब." माझ्या तालमीचं चीज होत होतं, मी मनात स्वतःची पाठ थोपटत होतो. मग साहेब म्हणाले, तेही अगदी सहज:

"फक्त ते पोरांचं प्रश्न विचारण्याचं काय आहे ते आता बंद करा. उद्या मोठ्या माणसांनाही विचारत सुटतील."

एक टेकू. एवढाच पाहिजे होता. मी त्यांच्या धोतराचा सोगा ओढला. आत कपबशा ठेवण्याचा आवाज थांबला.

गुरुजी दाराकडे बघत होते. मग हळूच, बोटं न उचलता म्हणाले, "साहेब, हे तुमी सांगून राह्यले का मागून राह्यले?"

"म्हणजे?"

"सांगत असाल तं ऐकलं. मागत असाल तं नाही देता येत."

साहेबांनी बशी खाली ठेवली. ओरडले नाहीत, काही नाही. म्हणाले, येतो मी. जाताना शाळेच्या शेरेबुकात लिहून गेले: शिक्षक विद्वान आहेत, बदली इष्ट. विद्वान माणसाला लहान गावात ठेवणं बरं नाही म्हणून असेल. सरकार किती काळजी घेतं बघा.

हुकूम आला, पार मानोऱ्याकडचं गाव. शाळा सुरू व्हायच्या आत हजर व्हायचं. त्या चहापासून काकू गुरुजींशी बोलल्या नव्हत्या. भाकरी वाढायच्या, पाणी ठेवायच्या, सगळं करायच्या, पण शब्द नाही. गावातल्या बायांशी बोलायच्या, माझ्याशी बोलायच्या. गुरुजी शाळेच्या ओट्यावर येऊन बसायचे आणि नुसते बसायचे. एकदा मीच चिडवलं की गुरुजी, हे न बोलणं कोणत्या बोटाचं? वाटलं उजळतील, काहीतरी सांगतील. ते म्हणाले, "नका विचारू मास्तर. तिनं माझ्याजवळ एकच टेकू मागतला होता, तो देता आला नाही." आणि पोरांच्या पाट्या पुसायला लागले, ज्या कोऱ्याच होत्या.

जायच्या दिवशी बैलांचं खासर दारात उभं राहिलं. सामान फार नव्हतं: दोन ट्रंका, जातं, अंथरुणाची वळकटी. पोरं आली होती. गिरजी नव्हती, तिचे मायबाप कामाला गेले तेव्हा तिलाही नेलं होतं. गुरुजी आधी चढून वळकटीला टेकून बसले, पाहुणा बसतो तसे. काकूंच्या गळ्यात बाया पडल्या. शेजारणीनं भाकरी बांधून दिल्या, मग ती चुलीजवळचं काहीतरी राहिलं म्हणून उगाच आत जाऊन आली, पुन्हा गळ्यात पडली. गाडीवान बैलांशी बोलत राहिला. शेवटी काकूंनी डोळे पुसले, चाकाच्या तुंब्यावर पाय ठेवला आणि वर बघून म्हणाल्या,

"सरका तिकडं."

गुरुजी सरकले. इतके सरकले की अर्धे खासराच्या बाहेर गेले आणि एक पाय चाकावर लोंबायला लागला. आत दोन माणसं आणखी मावली असती एवढी जागा होती. काकू बसल्या, पदर सावरला, तोंड गावाकडं केलं.

खासर मालेगावच्या रस्त्याला लागलं. मी शाळेच्या ओट्यावरून बघत होतो. तो पाय तसाच लोंबत होता, आत घ्यायची छाती होत नसावी. नाल्याच्या उतारावर खासर एकदम कललं, तेव्हा काकूंनी हात लांब करून गुरुजींची बंडी धरली आणि त्यांना आत ओढलं. त्या काही बोलल्या का, ते इतक्या दुरून मला ऐकू आलं नाही.