आपण आणि आम्ही

ह्यूस्टनजवळच्या शुगर लँड गावातल्या मराठी मंडळींत माझी ओळख 'त्या फ्रेंचवाल्या' अशी करून दिली जायची. ऐंशीच्या दशकात तिथं जो तो तेलकंपनीत, नाहीतर हॉस्पिटलात. मी कॉलेजात फ्रेंच साहित्य शिकवायचे आणि कविताही फ्रेंचमध्येच करायचे. एकदा श्रीखंड वाढता वाढता एक काका म्हणाले, "अगं, मराठीत लिही की! इथं फ्रेंच कोण वाचणार?"

"मराठी तरी कोण वाचतंय, काका?" मी म्हटलं. तेवढ्यात त्यांच्या मुलीनं "डॅड, कॅन वी गो?" विचारलं, म्हणून विषय तिथंच मिटला.

कॉलेजात उलटं दुखणं. माझी नोकरी तात्पुरती होती आणि ती कायम करायची की नाही, हे समिती ठरवणार होती. त्याआधी त्यांच्यासमोर माझं कवितावाचन होतं. विभागप्रमुख पॅरिसचे, ह्यूस्टनच्या उकाड्यातही टाय सैल न करणारे. त्यांनी माझ्या कवितेतल्या एका शब्दावर बोट ठेवलं. "हा काढा. फ्रेंच कवितेत परका शब्द कशाला? समितीला वाटेल, तुमचं फ्रेंच कमी पडलं."

शब्द होता 'आपण'. कमी पडली होती ती त्यांची भाषा, मी नव्हे. 'आम्ही' आणि 'आपण' या दोन्हींना तिच्यात एकच शब्द, 'नू'. बोलणारा समोरच्याला आपल्यात धरतोय की वगळतोय, कळायची सोयच नाही. मी हे त्यांना फळ्यावर लिहून समजावलं.

"गोड आहे," ते म्हणाले. "पण काढा."

माझं डोकंच फिरलं. इतकी वर्षं यांच्या क्रियापदांची हमाली केली, आणि माझं एक सर्वनाम यांना खपत नाही?

वाचनाच्या दिवशी मी प्रत्येक कडव्यात 'आपण' ठणकावून म्हटलं. विद्यार्थिनींनी टाळ्या वाजवल्या. समिती छताकडे बघत बसली.

पुढच्या आठवड्यात प्रमुखांनी बोलावलं. "नू..." त्यांनी सुरुवात केली आणि थांबले. मग माझ्याकडे न बघता, अडखळत, मराठीत म्हणाले, "आमी."

नोकरी गेली हे मला तेवढ्यावरच कळलं. जीव जळाला, खोटं कशाला बोलू? पण फ्रेंच माणसाचा 'ह' गळतो तसा त्यांचाही गळाला होता. मी तो दुरुस्त केला आणि त्यांच्याकडून पुन्हा एकदा, नीट, 'आम्ही' म्हणवून घेतलं.