शैलजा मॅडमचे तीन रविवार

शैलजा मॅडम गिऱ्हाइकाच्या कीबोर्डला कधी हात लावत नसत. खुर्चीमागे हात बांधून उभ्या राहायच्या आणि म्हणायच्या, "बोटं तुमची, डोळे माझे. टाका पुन्हा." सांगलीत तेव्हा इंटरनेट नवं होतं. एका गाळ्यात त्यांचे तीन कॉम्प्युटर होते आणि आतल्या खोलीत मी टायपिंग शिकवायचे. साताऱ्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये त्यांनी वीस वर्षं ऑपरेटर म्हणून काढली होती. माणसाला माणसाशी जोडून देणं एवढंच आपल्याला येतं, असं त्या सांगायच्या.

येणाऱ्यांपैकी बहुतेकांची मुलं परदेशात. मेसेंजरवर दोन्हीकडचे एकाच वेळी बसून लिहून बोलायचे, पण पुष्कळांचं घोडं पासवर्डपाशीच अडायचं. मॅडम एकेक कारण तपासत जायच्या. कॅपिटलची कळ दाबलेली राहिलीय का, नावातलं एखादं अक्षर सुटलंय का, फोनची लाइन तुटलीय का. एकदा एक प्राध्यापक तासभर चिडून बसले होते. मॅडमनी कोपऱ्यातली तारीख दाखवली. "सर, मशीनला वाटतंय अजून ऐंशी सालच चालू आहे. ते तुम्हाला आत कसं घेईल?" मग त्यांचं नेहमीचं वाक्य, "स्क्रीनवर काय लिहिलंय ते आधी वाचा. अंदाज नंतर."

तासगावकडचे एक द्राक्ष बागायतदार दर रविवारी सकाळच्या एसटीने यायचे. सगळे त्यांना आबा म्हणत. लेक रेखा लग्न होऊन अमेरिकेला गेली होती. जाण्याआधी तिनेच त्यांना मेसेंजरवर खातं उघडून दिलं होतं. आबांना इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण अक्षरं ओळखून मराठी लिहायचे. "jevlis ka" एवढं लिहायला त्यांना पाच मिनिटं लागायची, आणि रेखा तिकडे थांबून राहायची.

मग एका रविवारी आबा म्हणाले, "मॅडम, आवं ह्ये मला बाहीर काढतंय. आत गेलो का लगीच बाहीर."

त्या दिवशी गर्दी होती. मॅडम लांबूनच म्हणाल्या, "लाइन तुटली असेल आबा. पुन्हा बघा." पुढच्या रविवारी तेच झालं, त्याच्या पुढच्याही. रेखा कामात असेल, लाइन खराब असेल, असं म्हणून त्यांनी आबांना परत पाठवलं. तिन्ही वेळा पडद्यावर इंग्रजीत एक ओळ येऊन गेली होती. ती त्यांनी वाचली नाही.

चौथ्या रविवारी पासवर्डच चालेना. मॅडम या वेळी जवळ आल्या. सगळं तपासलं, काही चुकलं नव्हतं. "आबा, हा पासवर्ड कुणीतरी बदललाय," त्या म्हणाल्या. पासवर्ड विसरला तर म्हणून रेखाने एक प्रश्न घालून ठेवला होता, घरच्या गाईचं नाव. आबांनी ते सांगितलं, "चंद्री." नवा पासवर्ड मिळाला. आत जाताच रेखाने मागे ठेवलेला एक निरोप समोर आला. मॅडमनी तो मोठ्याने वाचला.

"आबा, मी चार वेळा लिहिलं की मला इथून न्या. तुम्ही दर वेळी 'सांभाळून घे' एवढंच लिहिता. तुमच्या जागी आईला तरी बसवा."

आबा म्हणाले, "मी असं कवा लिवलं? मी न्हाई लिवलं, मॅडम."

मॅडमनी विचारलं, "हा पासवर्ड आणखी कुणाला ठाऊक होता?"

"जावयाच्या घरातल्या मशीनवर रेखानंच घालून ठिवला हुता."

आबांच्या नावाने दुसरंच कुणी तिकडे बसत होतं. एका नावाने एका वेळी एकाच ठिकाणी बसता यायचं; तिकडे कुणी बसलं, की आबा इथे बाहेर फेकले जात. मॅडमनी आबांना उठवलं आणि स्वतः खुर्चीत बसल्या. "काय लिहू?"

"ये म्हणावं. आत्ताच्या आत्ता ये म्हणावं. आदीचं मी लिवलं न्हवतं म्हणून सांगा."

त्यांनी लिहिलं. रेखाच्या नावापुढचा, ती हजर असल्याचा दिवा विझलेलाच होता. मग समोरच्या बूथवरून फोन लावला. जावई म्हणाला, ती झोपलीय, आणि फोन ठेवून दिला. पुन्हा लावला तो कुणी उचललाच नाही. अमेरिकेतल्या ओळखीच्या कुणाचा पत्ता मिळतो का, ते बघायला आबा गावी गेले. चौथ्या दिवशी कळलं, रेखा जिन्यावरून पडून गेली. मॅडमचा निरोप तिने वाचला की नाही, हे कधीच समजलं नाही.

तेरावं झाल्यावर आबा आले. टोपी हातात धरून उभे राहिले. "तुमी लय केलंत. निदान माजं खरं काय ते तिला लिवून तरी धाडलंत."

ते ऐकून घेऊन गप्प राहता आलं असतं. मी तर मनातून तेच म्हणत होते, गप्प राहा. मॅडम उठून उभ्या राहिल्या.

"आबा, तुम्ही पहिल्यांदा आलात, तेव्हाच स्क्रीनवर लिहून आलं होतं की तुमच्या नावाने दुसरीकडे कुणीतरी बसलंय. मी वाचलं नाही. तीन रविवार वाचलं नाही. त्या वेळी वाचलं असतं तर तुमच्या हातात तीन आठवडे होते."

आबांनी टोपी डोक्यावर घातली. दारापर्यंत गेले, तिथे थांबले, आणि पाठमोरेच म्हणाले, "तिच्या आईला ह्ये सांगू नगा."

मॅडमनी मान डोलावली, पण ती बघायला ते थांबले नव्हते.