पूजा झालेलं इंजिन

आमच्या जुन्या कॅम्पर व्हॅननं वर्षभरात एकच प्रवास केला होता: बोळिंजच्या आमच्या सोसायटीच्या उतारावरून कचऱ्याच्या डब्यापर्यंत. तोही मी आत नसताना.

इंजिन संपलं होतं. "या रविवारी ही गाडी माझ्या आईला घेऊन गुहागरला गेली नाही ना, तर सोमवारी भंगारात!" बायकोनं, म्हणजे सुलभानं, जाहीर केलं. मी धावत तुळिंजच्या बबन मेकॅनिककडे! जुनं काढून दुसरं, दुरुस्त केलेलं इंजिन बसवायचं ठरलं. (मला आनंदानं जेवण जाईना!)

शनिवारी आम्ही गॅरेजात पोचलो. सोबत पूजेचं ताट घेऊन सासूबाई!

"जावईबापू, बसवायच्या आधी पूजा! सुनेला घरात घेताना ओवाळतो ना, तसं!"

जमिनीवर दोन इंजिनं. एक लखलखीत, दुसरं गोणपाटात, धुळीनं माखलेलं. बबन चहाला गेलेला. पण नवं इंजिन ओळखायला मेकॅनिक कशाला? (मी व्हिडिओ बघितले होते!) मी झोकात लखलखीताकडे बोट दाखवलं. हळद, कुंकू, हार, नारळ, आरती! मी तर त्याच्यापुढे चक्क आडवा झालो!

बबन आला आणि किंचाळला, "काका, हे तुमचं जुनं! भंगारवाला बरा भाव देईल म्हणून धुतलंय मी!"

"हात्तिच्या! मग आता नव्याची करू," मी म्हणालो.

"करा की. पण पूजलेलं भंगारात जायचं नाही," सासूबाई कडाडल्या. "गुहागरला माझ्या माहेरी नेऊ. तुळशीपाशी ठेवू."

"आई, तुळशीपाशी इंजिन?" सुलभा म्हणाली.

"तुझ्या नवऱ्यानं लोटांगण घातलंय त्याला!"

रविवारी व्हॅन अशी गरजली की गल्लीनं टाळ्या पिटल्या! वाचली माझी गाडी! हार घातलेलं जुनं इंजिन मागे चढवलं, सासूबाई चढल्या, मी स्टिअरिंगकडे झेपावलो. एवढ्यात बबन आडवा आला.

"काका, इंजिनाचं काम नवीन आहे. घाटात एवढा लोड नको. वजन कमी करा."

"किती?"

त्यानं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तुमच्याएवढं."

सगळे इंजिनाकडे बघतील असं मला वाटलं. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं!

"चावी द्या, मी चालवते," सुलभा म्हणाली.

मी एसटीनं गुहागरला पोचलो, तेव्हा व्हॅन अंगणात येऊन उभी होती. भाकरतुकडा घेऊन सासूबाई दारात! माझा ऊर भरून आला. मी मान झुकवून पुढे झालो.

"जावईबापू, बाजूला व्हा जरा," सासूबाई म्हणाल्या. "इंजिन उतरतंय!"