केशराचं पाणी

आमच्या शाकाहारी घरात एका उन्हाळ्यात मी दोन मासे सांभाळले, आणि त्यातला एक गोदाकाकू जवळजवळ प्यायल्या.

तेव्हा मी नाशकात नवी सून. ह्यांच्या कचेरीतले साहेब महाबळेश्वरला गेले आणि जाताना आपली माशांची काचेची पेटी आमच्याकडे ठेवून गेले. आत बोटाच्या पेराएवढे दोन सोनेरी मासे. पेटी आम्ही सासूबाईंच्या नजरेआड, आमच्या खोलीत ठेवली. ह्यांची नोकरी कायम करणं त्याच साहेबांच्या हातात. "मासे जगले तर आपण जगलो," एवढं बोलून हे कचेरीत गेले.

चैत्रातलं ऊन. पेटीतलं पाणी चहाला चालेल इतकं तापलं, मासे वर येऊन आ वासायला लागले. पेटीला ओली फडकी गुंडाळली, पंख्यानं वारा घातला (मला कधी कुणी घातला नव्हता), पण छे. मग आठवलं, नवा माठ बाहेरून पाझरतो नि आत गारेगार राहतो. सोडले मासे नव्या माठात. सासूबाईंना सांगावं तर मासळीचं नुसतं नाव ऐकून त्यांना अंघोळ लागायची. म्हटलं, हळदीकुंकू उरकलं की सांगू.

हो, नेमकं त्याच दिवशी आमच्याकडे चैत्रगौरीचं हळदीकुंकू! आंब्याच्या डाळीला फोडणी देऊन मी बाहेर येते, तो शेजारच्या गोदाकाकू येऊन टेकलेल्या. सोवळ्याओवळ्याला कडक, नजरेनं अधू. सासूबाई त्यांच्या हाती भांडं देत म्हणत होत्या, "पन्हं मागून घ्या, आधी आमच्या नव्या माठाचं पाणी. सकाळपासून पितेय मी, काय गोडी आहे."

काकूंनी भांडं डोळ्यांशी नेलं. "अगंबाई, पाण्यात केशर?" आणि वरून प्यायला मान मागे टाकून तोंड उघडलं.

"काकू, आधी कुंकू!" म्हणत मी एका हातानं बोट टेकवलं (ते नाकाला लागलं) आणि दुसऱ्या हातानं भांडं काढून घेतलं. आत केशरानं शेपूट हलवलं.

सासूबाईंनी ते पाहिलं. मग मला पाहिलं.

"अहो, ते गौरीच्या नैवेद्याचं केशर," त्या शांतपणे काकूंना म्हणाल्या. "चुकून तुम्हांला दिलं. सूनबाई, आत ने."

संध्याकाळी दोन अंघोळी करून त्यांनी माठ परसातल्या लिंबाखाली ठेवायला लावला. "राहू देत इथं. पण मेले, तर माझ्याशी गाठ आहे."

मासे जगले. साहेब पेटी घेऊन गेले, ह्यांची नोकरी कायम झाली, आणि कितीतरी दिवसांनी मी पोटभर झोपले.

गोदाकाकूंनी मात्र गावभर केलं, पाण्यात केशर घालणारी सून पाहिली ती हीच. तोवर केशराची काडीही न पाहिलेली मी, जन्मभर सढळ हाताची म्हणून मिरवले.