खारेपाटवालीचं अंजीर

आमची बायको माणसांशी कमी आणि झाडांशी जास्त भांडायची. सकाळी चूल पेटवायच्या आधी परसात जाऊन कुणाला तरी फैलावर घ्यायची. "केळीबाय, किती पसरतेस? दुसऱ्याला जागा नको?" शेवगा तर तिच्या लेखी आळशीच. रोह्याजवळच्या आमच्या गावाने अशी सून पहिल्यांदा बघितली. ती पेणच्या खाडीकडची, मिठागरात राबणाऱ्या माणसाची लेक. म्हणून आमची आई तिला खारेपाटवाली म्हणायची, मग गावही म्हणायला लागलं. तिला त्याचा राग नव्हता. "खारेपाटचीच हाय मी. पुणेवाली म्हणाल काय?"

तिचा भाऊ ट्रक चालवायचा. एकदा पुरंदरकडून येताना त्याने बहिणीसाठी अंजिराचं कलम आणलं. लहानपणी तिने एकदाच अंजीर खाल्लं होतं, तेही भावंडांत अर्धं. तेव्हापासून दारात अंजीर हवं, हा तिचा हट्ट. कलम लावलं ते नेमकं विहिरीजवळ, आईने नारळासाठी राखून ठेवलेल्या जागेत. आईने ते पक्कं लक्षात ठेवलं.

झाड काही वाढेना. दोन पावसाळे झाले तरी गुडघ्याएवढंच. पानं आली की कडेने करपायची. खारेपाटवाली शेणाचा काला घालायची, लेंडीखत घालायची, शिव्याही घालायची. शेवटी आई म्हणाली, "पेणचे गणपतीसुद्धा दरसाल वीतभर उंच होतात गो. हे तुझं हाय तेवढंच. गौरी येतील तोवर बघते. माझ्या खांद्याला लागलं तर ठेव, नायतर उपटून नारळ लावते."

"आत्या, तुम्ही उंचीला लहान हाव," ही म्हणाली, "झाडाचं काम सोपं हाय."

आई पदरात हसू दाबत आत गेली. पण बोललेलं ती खरं करणारी बाई होती. त्या दिवसापासून बायकोच्या तोंडचं पाणी पळालं.

वैशाखात सासरे आले. दरसालप्रमाणे मिठाचं पोतं घेऊन. लेकीने आधी झाडाकडेच नेलं. त्यांनी बुंध्याशी बोट खुपसलं, मातीची चिमूट जिभेवर ठेवली आणि थुंकले. मिठागरातल्या माणसाची ही सवय. "अगो, हिथं मिठागर केलंस व्हय?"

तेव्हा उलगडा झाला. तिच्या माहेरी नारळ लावताना खड्ड्यात मीठ घालतात, पुढेही अधूनमधून देतात. ही प्रत्येक अवसेला अंजिरालाही मूठभर घालत होती, लाडाने. वाढत नाही म्हणून गेल्या वर्षी मूठ जरा मोठीच केली होती.

"नारळ तो नारळ," सासरे म्हणाले. "हे घाटावरचं पाहुणं. त्याला खाडी पाजतेस?"

बायको मटकन खाली बसली. वाटलं, आता रडते. तर हसत सुटली. डोळे पुसून झाडाला म्हणाली, "मेल्या, तोंड नाय तुला? सांगायचं ना!"

मी कंपनीतून पहिली शिफ्ट करून आलो होतो आणि परसातल्या बाजेवर आडवा पडून हे बघत होतो. "अवो, उठा. झोपायला जन्म पडलाय." उठलो. मुळांना धक्का न लावता झाड मातीच्या गोळ्यासकट बाहेर काढलं. तिने त्यावर गोड्या पाण्याच्या घागरी ओतल्या. खारट माती उपसली. ती टाकताना आई पडवीतून ओरडली, "माझ्या वांग्यांकडे नको गो!" खड्ड्यात कुंडलिका नदीचा गाळ, वाळू आणि जुनं शेणखत भरलं. पावसाचं पाणी बुंध्याशी साचू नये म्हणून वर उंचवटा केला आणि ऊन लागू नये म्हणून झावळ्यांचा आडोसा. मग ती त्याच्याशी अगदी हळू आवाजात बोलली. काय बोलली, मला ऐकू आलं नाही.

पावसात झाडाने जे अंग धरलं! हाताच्या पंज्यापेक्षा मोठी पानं. गौरी आल्या त्या दिवशी साऱ्या आळीच्या बायका परसात जमल्या. आई झाडाशेजारी जाऊन ताठ उभी राहिली. आणि हळूच टाचा उचलल्या.

"आत्या, टाचा खाली!" बायको किंचाळली. बायकांनी हसून हसून परस डोक्यावर घेतलं. टाचा खाली आल्या. शेंडा आईच्या कानाला लागत होता.

"असू दे," आई म्हणाली. "नारळ कुंपणाकडे लावू." पुढच्या साली पहिलं अंजीर धरलं, ते बायकोने आईच्याच हातावर ठेवलं. आईने खाल्लं आणि आणखी कुठे दिसतंय का म्हणून वर बघत राहिली.

पुढे दर दसऱ्याला झाडाची छाटणी व्हायची. कोयता माझ्या हातात, तोंड तिचं. "तिरका कापा. हात आखडू नका. नव्या फुटीलाच फळ धरतं." छाटलेल्या फांद्या ती आळीतल्या सुनांना लावायला द्यायची. आज आमच्या आळीत दारोदार अंजीर आहे.

गेल्या श्रावणात ती गेली. साधा ताप म्हणता म्हणता गेली. त्यावर मला जास्त लिहिता येत नाही.

दसऱ्याला मी कोयता घेऊन झाडाखाली उभा राहिलो. कुणीच ओरडलं नाही. वाकडंतिकडं जमेल तसं छाटलं. मनात म्हटलं, यंदा नाही फुटलं तरी माझं काही म्हणणं नाही.

फुटलं. फाल्गुनात फांद्या वाकल्या. पहिलं पिकलेलं अंजीर मी तोडलं आणि उघडून बघत बसलो. वाटलं होतं, ती नाही, तर निदान फिकं तरी निघेल.

गोडच निघालं. मला रागच आला. तरी उभ्या उभ्या चार खाल्ली.