विहीणबाईंसाठी नकाशा

माझ्या सासऱ्यांचा, म्हणजे अप्पांचा, घराच्या नंबरांवर काडीचा विश्वास नव्हता. बंगळूरच्या शिवाजीनगरात चार पिढ्या काढलेल्या घराण्यातल्या माणसाचा तो असावा तरी कसा? आमच्या घराला एक जुना नंबर होता, एक नवा, आणि तिसरा कोणीतरी दुपारी येऊन दारावर रंगवून गेलेला. तिसऱ्या क्रॉसनंतर, म्हणजे आडव्या गल्लीनंतर, एकदम पाचवा क्रॉस यायचा. चौथा कुठाय विचारलं, की लोक "इल्ले, स्वल्प मुंदे" म्हणायचे. म्हणजे इथेच, जरा पुढे. त्या 'जरा'त अर्धं गाव मावायचं.

म्हणून अप्पा नकाशे काढत. बंगळूरात येणाऱ्या प्रत्येक मराठी पाहुण्याला पोस्टाने त्यांचा नकाशा आधी जायचा, पाहुणा मागून यायचा. निळ्या शाईत रस्ते, लाल शाईत सूचना, खाली कार्बन लावून घरात ठेवायला एक प्रत. पाहुणे नेहमी दोन-तीन तास उशिरा पोचत. "आपली माणसं, वेळेवर येतील तर शपथ!" अप्पा म्हणायचे. पण पाहुणा निघाला, की चप्पल घालून त्याला बसस्टॉपपर्यंत पोचवायला जाणार म्हणजे जाणारच. पोचवायला न जाणं त्यांच्या दृष्टीने पाहुण्याला हाकलून देण्यासारखंच होतं.

पंच्याण्णव-शहाण्णव साल असेल. मला सातवा महिना सरत आला होता आणि आई मला बाळंतपणासाठी पुण्याला न्यायला येणार होती. लग्न होऊन दीड वर्ष झालं होतं, आईने माझं घर पाहिलं नव्हतं. ती कधी एकटी पुण्याबाहेरच गेली नव्हती. नवऱ्याची बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात पहिली पाळी होती. आणि अप्पांचा पाय प्लास्टरमध्ये. एका परक्या माणसाला रस्ता दाखवताना, हात लांब करून "असे सरळ जा" म्हणत, ते स्वतःच गटारात गेले होते.

आईचं पत्र आलं, "कोणी स्टेशनावर येऊ नका. मी काय कुक्कुलं बाळ आहे? फक्त नकाशा पाठवा. आणि शिवाजीनगरच ना? आमच्या पुण्यातही आहे, त्यात काय!"

अप्पांनी दोन दिवस खपून नकाशा काढला. त्यावर मजकूर असा: 'डावीकडे वळा. इथे कुत्रं, काही करत नाही.' मग 'उजवीकडे वळा. इथे अण्णा स्टुलावर बसतात.' मग 'डावीकडे वळा. इथे पूर्वी चिंचेचं झाड होतं.' घराच्या चौकोनात: 'बेल बिघडली आहे, कडी वाजवा.'

"अप्पा, जे झाड नाहीच, त्याचा काय उपयोग?" मी विचारलं.

"ते झाड सगळ्यांना माहीत आहे," अप्पा म्हणाले.

गाडी सकाळी येणार, स्टेशनावरून बसने आमच्या स्टॉपवर उतरून नऊपर्यंत आई घरी हवी. नऊ वाजले, दहा वाजले, अकरा वाजले. सासूबाईंना सगळी गल्ली अक्का म्हणायची, मीही. अक्कांनी उपमा दोनदा गरम केला. माझी आई, एकटी, या गावात, कन्नडचं एक अक्षर न येणारी! साडेअकराला मी दारात उभी राहून रडायलाच लागले.

"स्वल्प थांब ग," अप्पा म्हणाले. "नकाशा आहे ना त्यांच्याकडे."

त्या नकाशाचा मला असा काही संताप आला, की मी त्याची प्रत हिसकावून घेतली. दारातच उभी होते म्हणून सहज वाचत गेले. डावीकडे वळा. डावीकडे खरंच कुत्रं. पुढे उजवीकडे चावीवाले अण्णा. मग डावीकडे, आणि समोर बसस्टॉप. एकदम बरोबर! आणि मग डोक्यात प्रकाश पडला.

"अहो अप्पा! हा नकाशा घरातून बाहेर जायचा आहे!"

"मग? रस्ता तोच ना?"

"रस्ता तोच, पण येणाऱ्याचं डावं-उजवं उलटं नाही का होणार?"

अप्पांनी एकदा डावा हात पाहिला, एकदा उजवा. मग नकाशा उलटा धरला, मग स्वतः उलटे बसले. "सरी, बरोबर आहे," ते हळूच म्हणाले. आजवरचे सगळे उशिरा आलेले पाहुणे त्यांच्या डोळ्यांपुढून गेले असावेत, कारण चेहरा अगदी पडला.

आम्ही रिक्षा केली. मी माझं पोट सावरत आत, अप्पा शेजारी, त्यांचा प्लास्टरचा पाय बाहेर. मागचे स्कूटरवाले त्याला वळणाचा इशारा समजून शिव्या देत होते. बसस्टॉपवर पोचलो आणि ठरवलं, आता आईसारखं चुकायचं. आमचं घर उजवीकडे. आम्ही डावीकडे वळलो, मग उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे. घराइतकंच अंतर, पण बरोबर विरुद्ध अंगाला.

तिथे स्कूटरची सीट कव्हरं शिवायचं वर्कशॉप होतं. दारात रिक्षाची नवी कोरी सीट जमिनीवर ठेवलेली, आणि तिच्यावर माझी आई! हातात चहाचा पेला, मांडीवर माझ्यासाठी केलेल्या बेसनाच्या लाडवांचा डबा, आणि समोर लाडू खाणारे चार कारागीर.

"आलीस?" आई म्हणाली. "किती वेळ लावलास!"

मी तिच्या गळ्यातच पडले. "अग, नकाशा चुकलाय हे तुला कळलं नाही?"

"कसं कळणार? चिंचेचं झाड पूर्वी होतं म्हणे. इथेही नव्हतं. स्टुलावर एक माणूस होता, त्याला विचारलं, अण्णा का? तो हो म्हणाला. कुत्रंही होतं, काही केलं नाही. मग कडी वाजवली, तर हे सगळे बाहेर आले!"

"मग पुढे कुणाला विचारायचं तरी!"

"विचारलं. तुमच्या घराचे तीन नंबर, तिघांनी तीन दिशा दाखवल्या. म्हटलं, आता हलायचं नाही. जत्रेत तुला काय शिकवलं होतं? हरवलं तर जागेवर बसून राहायचं, आपलं माणूस शोधत येतं."

अप्पा रिक्षातूनच हात जोडत होते. "विहीणबाई, चुकलं माझं."

"अहो, असू दे हो," आई म्हणाली. "लाडू घ्या."

चार दिवसांनी आम्ही निघालो. बारशाला यायचं म्हणून अप्पांनी आईकडे पुण्याच्या घराचा नकाशा मागितला. आईने त्यांच्याच नकाशाच्या पाठीवर काढून दिला. अप्पांनी तो डोळ्यांजवळ नेला आणि टाळीच वाजवली.

"विहीणबाई! अहो, हासुद्धा घरातून बाहेर जायचाच!"

"मग?" आई बॅगेची चेन लावत म्हणाली. "मला तोच येतो. ही घरी येते तेव्हा मी आत पोळ्या लाटत असते. सोडायला मात्र नाक्यापर्यंत जाते."

अप्पांचं हसू थांबलं. अप्पांनी अक्कांकडे काठी मागितली. "अहो, पाय!" अक्का ओरडल्या, पण ते चप्पल शोधायला लागले होते, तीही एकच.

आम्ही तिघं हळूहळू निघालो. कुत्र्यापाशी डावीकडे, अण्णांपाशी उजवीकडे, नसलेल्या चिंचेपाशी पुन्हा डावीकडे. मी सगळा रस्ता रडत होते, आणि अप्पांचा नकाशा कुठेही चुकला नाही.