हनुकाच्या दिव्यांसमोरची मुलगी

संध्याकाळपर्यंत माझं शेवटचं चित्र आलं नाही तर पुस्तक बेमुदत लांबणीवर, असं संपादकांनी सकाळीच बजावलं होतं. लहान मुलांसाठी चित्रांचं पुस्तक, त्यात हवामानबदल आणि हनुका हा ज्यूंचा आठ दिवसांचा दिव्यांचा सण, दोन्ही एकाच घरात. ते घर मी आमच्या मुलुंडच्या शेजारच्या आजींचं काढलं होतं. आजी बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यू, माहेर अलिबागकडचं. मुलगा पवईला राहतो, त्याच्याकडे हे सण होत नाहीत आणि त्याला सांगायला आजी धजत नसत. नातीला निदान पुस्तकात तरी आपला सण दिसेल, एवढीच त्यांची आशा होती.

चित्रावर मी भलतीच खूश होते. उकाड्यातही घरातली वीज बंद ठेवलीय आणि भिंतीवरच्या हनुकाच्या दिव्यांपाशी बसून एक मुलगी अभ्यास करतेय. सणही आला, वीजबचतही आली. दाखवायला गेले तेव्हा आजी काचेच्या पेल्यांत खोबरेल ओतत होत्या.

"ही काय करते?"

"अभ्यास."

"ह्या उजेडात? नाही गं. ह्या दिव्यांकडून काम करून घ्यायचं नसतं. नुसतं बघायचं."

माझं डोकंच फिरलं. आमच्याकडे शुभंकरोती झाली की दिव्यासमोरच अभ्यासाला बसवायचे. तेच मी न विचारता यांच्या भिंतीखाली नेऊन ठेवलं होतं.

"मुलांना काय कळणार आहे, आजी?"

"माझ्या नातीला हेच कळेल. खरं सांगायला तिच्या घरात कोण आहे?"

मला लाज वाटली, तरी राग गेला नव्हता. आजींनी प्रार्थना म्हणत दिवे लावले. ज्योतींसाठी पंखा बंद होता, डिसेंबर असूनही घाम गळत होता. संपादकांचा फोन वाजत राहिला आणि मी बसून राहिले.

दिवे विझल्यावर ट्यूब लावली आणि टॅबवर मुलीच्या हातातली वही पुसली. संपादकांना फोन केला.

"मग ती करते काय?"

"बसलीय. दिवे बघतेय."

"मग वीजबचत कुठे गेली? वही परत घाला, नाहीतर पुस्तक थांबवतो."

आवाज आजींपर्यंत गेला होता. मी त्यांच्याकडे बघितलं.

"थांबू दे," त्या म्हणाल्या. मग स्वतःचा फोन उचलून त्यांनी पवईला लावला.

"ऐक रे. अजून दिवे संपले नाहीत. उद्या पोरीला घेऊन ये."